राजारामपुरीतले सिरीयल पोर्टवाले काका: डॉसच्या ड्रायव्हरमधला आमचा ०८७ अलार्म कसा गेला
*
जुन्या पीसीचे सिरीयल पोर्ट दुरुस्त करणाऱ्या काकांना पाचपैकी पाच स्टार. कशाबद्दल ते नीट सांगायचंय, म्हणून थोडं लांब होईल, पण ज्यांच्या शॉपमध्ये अजून आरएस २३२ च्या (पीसीतनं मशीनला एकेक अक्षर पाठवणाऱ्या सिरीयल) केबलवर मशीन चालतात त्यांनी शेवटपर्यंत वाचा, पुढं उपयोगी पडेल.

आमचं कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात छोटं मशीन शॉप आहे. कास्टिंग येतात, व्हॉल्व्ह बॉडी, पंपाचे हाउसिंग, असले जॉब. दोन व्हीएमसी (प्रोग्रॅमवर चालणारी उभी मिलिंग मशीन) आहेत, त्यातलं जुनं फॅनुक ०-एम कंट्रोलचं, म्हणजे मशीन चालवणारा कंप्युटर फॅनुकचा. त्याची मेमरी ८० मीटर, म्हणजे कागदी टेपच्या मापात, आजच्या भाषेत साधारण ३२ केबी. प्रोग्रॅम पाठवायला शेजारी ४८६ चा पीसी, त्यावर एमएस डॉस ६.२२ आणि एक जुनं डीएनसी सॉफ्टवेअर, ज्यांनी ते विकलं ती कंपनी कधीच बंद झालीय. सॉफ्टवेअरचं डोंगल (ज्याशिवाय ते चालत नाही ती किल्ली) पॅरलल पोर्टला आणि वडिलांच्या वेळेपासूनचे सगळे प्रोग्रॅम त्याच डिस्कवर. त्यामुळं "नवीन घ्या की ओ" म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो की मशीन अजून ०.०२ मिलिमीटरच्या आत माप देतंय, ते कशाला बदलू.

मे महिन्यात वळवाचा पाऊस झाला त्या रात्री पीसीतलं सिरीयल पोर्टचं कार्ड गेलं. जळकट वासच येत होता. स्क्रॅपवाल्याकडनं दुसरं आयएसए कार्ड आणलं, जंपर (सेटिंगच्या पिना) कॉम १ ला लावले, पत्ता ३एफ८ आणि आयआरक्यू ४, केबल जोडली, छोटा प्रोग्रॅम पाठवला, गेला. म्हटलं झालं काम.

दुसऱ्या दिवशी हाउसिंगचा मोठा प्रोग्रॅम पाठवला तर मधेच मशीन थांबलं, स्क्रीनवर ०८७, बफर ओव्हरफ्लो. परत पाठवला, परत तेच, कधी तीन केबीला, कधी पाच केबीला. छोटे प्रोग्रॅम मात्र एकदम ओके. केबल बदलून बघितली, अर्थिंग बघितलं, स्पीड ४८०० वरनं २४०० केला, थोडं पुढं जायचं आणि मग परत ०८७.

मशीनच्या सर्व्हिसला एकजण येतात, त्यांना बोलावलं. त्यांनी मॅन्युअल उघडून दाखवलं, ०८७ समोर लिहिलंय की थांबायचा इशारा दिल्यावर दहा अक्षरं होऊन गेली तरी इनपुट थांबत नाही, आणि कारण म्हणून इनपुट-आउटपुट युनिट नाहीतर पीसीबी (मशीनमधला सर्किट बोर्ड) खराब. ते म्हणाले पीसीबी गेलाय, रिपेअरचा बोर्ड घालूया, पंचेचाळीस हजार. आता नीट वाचलं तर त्याच ओळीत पीसीबीच्या आधी युनिट लिहिलंय, आणि आमच्याकडं युनिट म्हणजे तो पीसी. पण तेव्हा माझ्या डोक्यात ते आलं नाही आणि मी पैशाची जुळवाजुळव करायला लागलो होतो. तीन दिवस मशीन उभं, ऑपरेटर हातानं प्रोग्रॅम टाइप करत होता, रात्री दहापर्यंत. त्या पोराचं बोट बघून वाईट वाटायचं.

मग शेजारच्या पॅटर्नवाल्यांनी या काकांचं नाव काढलं. २०१९ च्या महापुराआधी त्यांचं दुकान शाहूपुरीत कुंभार गल्लीच्या बाजूला होतं, पाणी आत शिरलं, तेव्हापासनं राजारामपुरीत आतल्या गल्लीत वरच्या मजल्यावर आलेत. बोर्ड नाही. जिना चढून गेलं की दाराशीच जुने मॉनिटर रचलेले, आत लांब टेबल, त्यावर पिवळा दिवा आणि भिंग. वय सत्तरच्या आसपास असेल. मी सांगायला सुरुवात केली तर म्हणाले, "आधी कार्ड दाखवा, बोलणं नंतर."

दोन्ही कार्ड नेली होती. जुनं भिंगाखाली धरलं, चाळीस पायांच्या मोठ्या चिपवर नंबर वाचला, १६४५०. मग नवं धरलं, १६५५०ए. आणि एक मिनिट गप्प बसले. मग मला विचारलं, "छोटा प्रोग्रॅम जातोय आणि मोठा जात न्हाई, असंच हाय न्हवं?" मी अजून तेवढं सांगितलंच नव्हतं.

मग त्यांनी जे सांगितलं ते मी माझ्या शब्दात लिहितो. मशीनची मेमरी लिहायला वेळ लागतो, म्हणून त्याचा छोटा बफर भरत आला की ते पीसीला एक अक्षर पाठवतं, एक्सऑफ, हेक्समध्ये (सोळाच्या मोजणीत) १३. म्हणजे थांब. रिकामं झालं की एक्सऑन पाठवतं, ११. म्हणजे चालू कर. थांब म्हटल्यावर अजून दहा अक्षरं आली तर मशीन सोसतं, त्याच्यावर गेली की ०८७. छोटा प्रोग्रॅम बफरमध्येच मावतो, थांब म्हणायची वेळच येत नाही, म्हणून तो जातो. आता जुन्या १६४५० चिपमध्ये पाठवायला एकाच अक्षराची जागा. ड्रायव्हर, म्हणजे पोर्ट चालवणारा छोटा प्रोग्रॅम, एक अक्षर टाकणार, ते गेलं की चिप इंटरप्ट देणार (पीसीला हाक मारणार), मग दुसरं. १६५५०ए मध्ये सोळा अक्षरांची रांग आहे, फिफो म्हणतात. आमचा ड्रायव्हर सुरू होताना चिप कुठली ते तपासतो आणि फिफो दिसला की तो चालू करून एकदम सोळा अक्षरं आत ढकलतो. इतकी वर्षं फिफो दिसलाच नव्हता, म्हणून ड्रायव्हरचा हा भाग कधी चाललाच नव्हता.

काकांनी गुऱ्हाळाचं उदाहरण दिलं, ते मला फार आवडलं. म्हणाले, "आधी घाण्यात एकेक ऊस लावत होता, थांब म्हटलं की हात थांबायचा. आता सोळा उसांची मोळीच आत लावतोय. थांब म्हणून ओरडला तरी मोळी परत निघत न्हाई, ती पिळूनच जाणार." स्पीड कमी करून का भागलं नाही तेही यातच आलं, कमी स्पीडला मशीनला वेळ जास्त मिळतो पण मोळीतले ऊस सोळा ते सोळाच.

संध्याकाळी सहानंतर शॉपवर आले. (साइटवर ते सहानंतरच येतात, दिवसा दुकान सोडत नाहीत, हे लक्षात ठेवा.) सोबत एक लॅपटॉप, एक वाय केबल (लाइनवरचं जाणं-येणं ऐकायला) आणि तारा तपासायचा लाइटवाला ब्रेकआउट बॉक्स. पहिल्यांदा डॉसचं डीबग (बाइट बघायचं-बदलायचं साधन) उघडलं आणि पोर्टशी थेट बोलले, चिपच्या एका खान्यात, ३एफए वर, १ लिहिला आणि तिथनंच परत वाचला, सी१ आलं. वरचे दोन बिट लागले म्हणजे फिफो खरंच आहे आणि चालतोय, जुन्या चिपवर इथं ०१ च आलं असतं. मग स्पीडचा भाजक बघितला, २४, म्हणजे पोर्टचा कमाल स्पीड १,१५,२०० भागिले २४, बरोबर ४८००. अक्षर पाठवायची मांडणी, सात बिट, इव्हन पॅरिटी, दोन स्टॉप बिट, तीही बरोबर. म्हणजे आम्ही सेटिंगमध्ये चुकलो नव्हतो, हे ऐकून ऑपरेटरचा जीव भांड्यात पडला, कारण तीन दिवस सगळे त्यालाच विचारत होते.

मग वाय केबल लावून दोन्ही बाजूंचं जाणं-येणं लॅपटॉपवर पकडलं आणि मोठा प्रोग्रॅम पाठवला. ०८७ आला. काकांनी लॉगमध्ये मशीनकडनं आलेलं १३ शोधलं, आणि त्याच्यानंतर पीसीनं काय काय पाठवलं ते वहीत लिहून घेतलं, एकेक अक्षर, पेन्सिलनं. एन४६०, एक्स४२.५, वाय-१८., मग लाइन फीड, मग एन४७०. चार, पाच, पाच, एक, चार. एकोणीस. वही माझ्याकडं सरकवली आणि म्हणाले, "मशीन दहा सोसतंय, तुम्ही एकोणीस दिलीसा. बोर्डाचा काय दोष?" पंचेचाळीस हजाराचा प्रश्न पेन्सिलच्या त्या एका ओळीत सुटला, मला तर क्षणभर बोलताच येईना.

मी म्हटलं फिफो बंदच करून टाकूया. तर म्हणाले करता येईल, एका बिटाचं काम आहे, पण नको, आणि मला विचारलं की मशीनकडनं प्रोग्रॅम परत घेताना कधी अक्षर गळालंय का. गळालं होतं! दोन वर्षांपूर्वी सेटरनं मशीनवर दुरुस्त केलेला प्रोग्रॅम पंच करून (म्हणजे मशीनमधनं बाहेर पाठवून) पीसीत घेतला, नंतर परत मशीनला चढवला, तर एका ओळीत पॉइंट गायब. एक्स४२.५ चं एक्स४२५ झालं, आणि आमच्या सेटिंगला पॉइंट नसला की मशीन आकडा मायक्रॉनमध्ये धरतं, म्हणजे ०.४२५ मिलिमीटर. टूल भलतीकडंच गेलं, टूल आणि जॉब दोन्ही गेले. तेव्हा आम्ही सेटरला बोललो होतो. काका म्हणाले ती सेटरची चूक नव्हे, जुन्या चिपमध्ये येणाऱ्या अक्षरालाही एकच जागा, पीसी डिस्कवर लिहिण्यात अडकला की पुढचं अक्षर आधीच्याच्या उरावर येऊन पडतं. चिप ते सांगते, ओव्हररन म्हणून एक बिट लावते, पण सॉफ्टवेअर तिकडं बघतच नसेल तर काय करणार. घेताना फिफो पाहिजेच, आणि घेण्याचा आणि पाठवण्याचा असे दोन्ही फिफो एकाच बिटावर चालू-बंद होतात, एक ठेवून दुसरा बंद असं होत नाही. म्हणून इलाज ड्रायव्हरमध्येच करायचा, फिफो चालू ठेवायचा पण पाठवताना आत थोडंच टाकायचं. (सेटरला मी दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर सांगितलं की ती तुझी चूक नव्हती. ते सांगायला हवंच होतं.)

ड्रायव्हरची फाइल त्यांनी फ्लॉपीवर घेतली, एक फ्लॉपी माझ्याकडं ठेवली, "मूळ, हात लावू नये" असं लेबल लावून, आणि दोन दिवस मागितले. कारण सोर्स कोड नाही, ज्यांनी लिहिला ते कुठं आहेत माहीत नाही, नुसते बाइट वाचून कुठं काय चाललंय ते शोधायचं. तिसऱ्या दिवशी फोन आला, "या बसायला." गेलो तर डॉट मॅट्रिक्सच्या लांब कागदावर सगळा ड्रायव्हर छापलेला, आणि समासात मराठीत पेन्सिलनं लिहिलेलं, इथं चिप ओळखतो, इथं एक्सऑफ बघतो, इथं भरतो. इंटरप्ट आला की कुठं शिरतो तिथं बाण. मला असेंब्लीचं काही कळत नाही पण तो कागद वाचून मला आमच्या पीसीत काय चालतं ते पहिल्यांदा कळलं.

जागा होती बी९ १० ००. म्हणजे मोजणीच्या खान्यात सोळा टाक, हेक्समधला १० म्हणजे आपला सोळा. त्यांनी १० च्या जागी ०४ लिहिला, डीबगमध्येच, आणि डब्ल्यू मारून फाइल सेव्ह केली. लांबी तीच, बाकी काही हललं नाही.

शॉपवर येऊन चालवलं. मोठा प्रोग्रॅम एका दमात गेला! आम्ही टाळ्याच वाजवल्या. काकांनी मात्र लॉग उघडला आणि परत पेन्सिल काढली. १३ नंतर एकदा आठ अक्षरं, एकदा नऊ. म्हणाले, "काठावर पास. थंडीत, गर्मीत, कवातरी अकरा होणार आणि तुम्ही परत मला बोलावणार. असं न्हाई सोडायचं." मला खरंच वाटलं की दुसरा कुणी असता तर टाळ्या ऐकून पैसे घेऊन गेला असता.

चार टाकतोय तर नऊ कशी, याचं उत्तर येण्याच्या बाजूला निघालं. ड्रायव्हर फिफो चालू करताना चिपला सी७ देतो, म्हणजे येणारी चौदा अक्षरं साठली की मग मला हाक मार. मशीन तर एकच अक्षर पाठवतं, थांब. चौदा कधी साठणार? तेव्हा चिप चार अक्षरांएवढा वेळ वाट बघते, आणखी काही आलं नाही की मग टाइमआउट म्हणून इंटरप्ट देते. तेवढ्यात पीसी चार अक्षरं पाठवून मोकळा होतो, वर परत भरलेली चार आणि निघालेलं एक, मिळून नऊ. म्हणजे थांब हा शब्द दारात येऊन उभा आहे आणि आत कुणाला सांगितलंच नाही. त्यांनी सी७ च्या जागी ०७ केलं, एक जरी अक्षर आलं तरी लगेच हाक मार. रांग तशीच सोळाची राहते, पीसी अडकला तरी बाकीची मागं उभी राहतात, फक्त हाक लवकर येते. परत चालवलं, १३ नंतर जास्तीत जास्त पाच. दहा वेळा चालवलं, मशीनकडनं प्रोग्रॅम परत घेतला, दोन्ही फाइल डॉसच्या एफसी कमांडनं ताडून बघितल्या, एका अक्षराचाही फरक नाही.

मी विचारलं की चारच का, एक का नको. म्हणाले एक केलं असतं तरी ४८०० ला चाललं असतं, पण उद्या दुसरं मशीन ९६०० वर जोडलंत आणि पीसी कुठं अडकला तर हातात थोडं असावं, आणि चार अधिक एक पाच, दहाच्या निम्मं, मला झोप लागते. ही त्यांची हिशोबाची पद्धत मला फार पटली.

आता व्यवहाराचं. त्यांनी घेतले अडीच हजार, त्यात दोनदा शॉपवर येणं, दोन रात्रींचं वाचन, सगळं आलं. मी पाच हजार पुढं केले तर अडीच परत दिले. वरनं स्वतःहून सांगितलं की कार्ड जळायचं मूळ कारण तसंच आहे, मशीनचं आणि पीसीचं अर्थिंग वेगवेगळ्या जागी आहे, वीज कडाडली की फरक केबलमधनं वाहणार, तर मधे ऑप्टो आयसोलेटर (तारेऐवजी उजेडातनं सिग्नल पलीकडं नेणारा) घाला. तो त्यांनी दिला नऊशेत, बसवून. आणि जुन्या हार्ड डिस्कचा आवाज ऐकून तिचं सगळं आयडीईच्या अडॅप्टरवर कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्डात घेऊन दिलं, डॉसला एक पार्टिशन दोन जीबीपेक्षा मोठं चालत नाही म्हणून तेवढंच कार्ड.

जाताना कॅबिनेटच्या आतल्या बाजूला मार्करनं लिहून गेले: ड्रायव्हर फाइलचं नाव, तारीख, १० चं ०४, सी७ चं ०७, मूळ फ्लॉपी कपाटात. म्हणाले मी नसलो तरी पुढच्याला शोधत बसायला नको. 

कमी काय तर काही गोष्टी आहेत, त्या पण सांगतो. फोन तीनदा केला की एकदा उचलतात. वेळ सांगत नाहीत, "बघून सांगतो" एवढंच, ज्यांना आजच्या आज पाहिजे त्यांनी तयारीनं जावं. जीएसटीचं बिल मिळत नाही, साध्या कागदावर पावती देतात, मोठ्या कंपनीच्या अकाउंट्सला अडचण होईल. गल्लीत चारचाकी लावायला जागा नाही. जिना अरुंद आहे, जुना मॉनिटर घेऊन चढू नका, मॉनिटर लागतच नाही, त्यांच्याकडं आहेत. नवे लॅपटॉप, मोबाईल घेत नाहीत, सरळ सांगतात की ते काम माझं नव्हे.

यूएसबीचा कन्व्हर्टर लावून लॅपटॉपवरनं का पाठवत नाही असं कुणी विचारणार, म्हणून तेही लिहितो, मी काकांना विचारलं होतं. तिथं तर बफर अजून मोठा, चिपमध्ये वेगळा, विंडोजमध्ये वेगळा, आणि बऱ्याच कन्व्हर्टरमध्ये आलेलं अक्षर लॅपटॉपला कळायलाच १६ मिलिसेकंद जातात, ४८०० च्या आमच्या सेटिंगला म्हणजे सात अक्षरांचा वेळ. काही कन्व्हर्टर एक्सऑफ चिपमध्येच ओळखतात, ते चालतात, पण घेताना विचारून घ्या. त्यांनी एकच सांगितलं, कुठलंही आणा, १३ नंतर किती अक्षरं जातात ते मोजा, आणि मगच मशीनला जोडा.

दोन महिने झाले. एकही ०८७ नाही. परवा ३० केबीचा प्रोग्रॅम पाठवला, सत्तर-पंचाहत्तर सेकंदात आत, ऑपरेटर केबलकडं न बघता जॉब बांधत होता.

जाणार असाल तर कार्ड, केबल आणि ड्रायव्हरची फ्लॉपी तिन्ही घेऊन जा, आणि अलार्मचा नंबर कागदावर लिहून न्या. नुसता पीसी उचलून नेलात तर परत पाठवतात. सकाळी अकराच्या आत गेलं तर निवांत बोलतात.